फुमि-सानच्या आजोबांचे पाय

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं जयमालाबाईंनी आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. त्यांच्या सासरचेच एक चुलत सासरे भावाचं तेरावं व्हायच्या आत त्याच्या देवघरातली समई पिशवीत घालून घेऊन गेले होते. पण लोणी संपून ऐंशी वर्षं झाली तरी टाळू सोडायला तयार नसलेला माणूस त्यांना टोकियोतच भेटला. कुरोइवा त्याचं नाव. सगळे त्याला कुरोइवा-सेन्सेइ म्हणत. सेन्सेइ म्हणजे गुरुजी. जयमालाबाईही तसंच म्हणत, कारण जिभेला वळण पडलं होतं. मनात त्या काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कुरोइवा-सेन्सेइ एका मोठ्या विद्यापीठात मानवशास्त्र शिकवत. त्याच विद्यापीठाच्या एका कोठीत जयमालाबाईंच्या शेजारीण फुमि-सान यांच्या आजोबांची हाडं होती. कुणी दिली नव्हती, कुणी विकलीही नव्हती. सरळ खणून आणली होती.

फुमि-सानचा शेजार फार जुना. गुणवंतराव मुंबईच्या एका व्यापारी कंपनीतर्फे जपानला आले तेव्हा टोकियोला लागून असलेल्या ग्योतोकुला मेट्रो नुकती कुठे आली होती. स्टेशनपासून घरापर्यंत चिखल आणि बेडूक. आता तिथे इडलीचं पीठ मिळतं आणि दर दुसऱ्या इमारतीत पुण्याचा एक तरी इंजिनियर असतो. तेव्हा मात्र आख्ख्या वस्तीत साडी नेसणारी बाई एकच. ती कचरा घेऊन खाली उतरली की बायका खिडकीतून बघत. फुमि-सान एकट्याच अशा की ज्या बघत बसल्या नाहीत, खाली आल्या आणि कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते हातवारे करून सांगून गेल्या. पुढे गुणवंतराव निवृत्त झाले, इथेच राहिले आणि इथेच गेले. त्या दिवशीही दाराशी पहिल्या उभ्या होत्या त्या फुमि-सानच.

एवढ्या वर्षांत जयमालाबाईंना त्यांच्याबद्दल एक गोष्ट माहीत नव्हती. ती दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपानंतर कळली.

भूकंपाच्या त्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं आणि आलं ते, उत्तरेकडची अणुभट्टी फुटल्याच्या धास्तीने, पिववेना. इंजिनियर मंडळी तर बायकापोरांना घेऊन जी उडाली ती थेट पुण्याला. विमानतळावर रडारड, तिकिटांसाठी मारामारी. आदल्याच महिन्यात 'जपान इज माय सेकंड होम' असं भाषण ठोकणारे एक गृहस्थ घरातला गॅस चालू ठेवून पळाले होते. मजल्यावर उरल्या या दोन म्हाताऱ्या. पाण्याच्या टँकरपुढे रांगेत बादल्या घेऊन उभ्या असताना फुमि-सान अचानक म्हणाल्या, "जया-सान, मी जपानी नाही. ऐनू आहे."

"म्हणजे काय?" जयमालाबाईंनी विचारलं.

"तिकडे उत्तरेला, होक्काइदोला सहलीला गेला होतात ना तुम्ही? लाकडी अस्वल आणलं होतंत बघा."

"हो."

"ते अस्वल कोरणारे लोक. आमची जमीन होती ती. मग हे जपानी आले."

फुमि-सानच्या नवऱ्याला हे ठाऊक होतं, मुलाला नव्हतं. शाळेत पोरं दगड मारतात, कंपनीत लग्न जमत नाही, म्हणून झाकून ठेवलेलं. रांगेत उभ्या राहून त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. माणूस कधी मरेल याचा भरवसा नाही, हे त्या आठवड्यात सगळ्यांनाच पटलं होतं.

युद्धाच्या आधीची गोष्ट. आजोबांना पुरून चारदोन वर्षंच झाली असतील. गावातले पुरुष हेरिंग मासे धरायला समुद्रावर गेलेले असताना टोकियोचा एक प्रोफेसर पोलीस आणि मजूर घेऊन आला. बायकांच्या हातात दारूची एक बाटली दिली, मेलेल्यांना वाहा म्हणाला, आणि खणायला लागला. आजी बटाट्याच्या शेतात उभी राहून पाहत होती. हाडं संत्र्याच्या खोक्यांत भरली. खोक्यांवर लिहिलं होतं, 'काळजीपूर्वक हाताळा'.

"मला त्यांना घरी न्यायचंय," फुमि-सान म्हणाल्या. "मी मरायच्या आत. परत मातीत."

तिथून हे सुरू झालं.

विद्यापीठाने पहिल्यांदा भेटीला बोलावलं त्याला दोनेक वर्षं लागली. फुमि-सान म्हणाल्या, "तुम्ही चला. मी एकटी गेले तर मान डोलावून परत येईन." घरी नचिकेतने, म्हणजे जयमालाबाईंच्या मुलाने, कपाळाला हात लावला.

"आई, तुझा काय संबंध त्यात? आपण फॉरेनर्स आहोत इथे. उद्या व्हिसा रिन्यू करताना काही निघालं तर?"

"तू जन्मलास तो इथल्याच दवाखान्यात. आणि व्हिसाचं म्हणशील तर माझा तुझ्यापेक्षा जुना आहे."

"त्या युनिव्हर्सिटीचं प्रोजेक्ट आमची कंपनी करते गं."

"मग तू नको येऊस," जयमालाबाई म्हणाल्या. तो येणार नव्हताच.

कुरोइवा-सेन्सेइंनी चहा दिला. सेन्सेइ दिसायला अगदी साजूक. पांढरे केस, नाजूक बोटं, आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्यावर उपकार होताहेत. म्हणाले, "आपल्या भावना आम्ही समजू शकतो. परंतु ती थडगी बेवारस होती. कोणीही कधी पूजेला आल्याचं दिसत नव्हतं."

"आमच्यात जात नाहीत," फुमि-सान हळूच म्हणाल्या. "एकदा पुरलं की तिकडे फिरकत नाहीत. आठवण घरी करतात, चुलीपाशी."

"मीही नेमकं तेच म्हणतोय," सेन्सेइ हसून म्हणाले.

ते हसू पाहून जयमालाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांचं जपानी जुन्या वळणाचं. बँका-कंपन्यांतल्या साहेबांच्या बायकांसाठी पूर्वी एक वर्ग चाले, तिथे त्या फक्त अतिशय मानाचं, लवून बोलायचं जपानी शिकल्या होत्या. भांडायचं जपानी त्यांना कुणी शिकवलंच नाही. त्यामुळे राग जितका जास्त तितकी त्यांची भाषा आदबशीर होई.

"सेन्सेइ, क्षमा असावी. माझ्या देशात चितेला अग्नी दिला की मागे वळून पाहायचं नसतं. अस्थी नदीत सोडल्या की त्यांच्या मागे जायचं नसतं. माझ्या सासऱ्यांच्या अस्थी गोदावरीत आहेत, तिथे कुणी बसून राहिलेलं नाही. त्या बेवारस समजून आपण जाळं घेऊन याल का?"

सेन्सेइंनी डोळे बारीक केले. "फारच रोचक," ते म्हणाले. आणि खिशातून पेन काढून त्यांनी ते चक्क टिपून घेतलं!

परत येताना मेट्रोच्या तोझाई लाइनच्या डब्यात दोघी समोरासमोर बसल्या होत्या. जयमालाबाई म्हणाल्या, "गाढवापुढे वाचली गीता." फुमि-सानना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला. समजल्यावर त्या इतक्या हसल्या की शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

पुढे वर्षं गेली. इतर ऐनू लोक कोर्टात गेले, वर्तमानपत्रांत येऊ लागलं, दुसऱ्या विद्यापीठांनी काही हाडं परत दिली. जग बघतंय म्हटल्यावर या विद्यापीठालाही अचानक माणुसकी आठवली. फुमि-सानचा पुतण्या मासाओ गावीच होता. त्याने तिथल्या कचेरीतून जमिनीत पुरायची परवानगीही मिळवली. आणि एका दुपारी कुरोइवा-सेन्सेइ स्वतः ग्योतोकुला आले, फुमि-सानच्या घरी. जयमालाबाई तिथेच होत्या.

"आम्ही ठरवलं आहे," सेन्सेइ म्हणाले. "आजोबांना सन्मानाने आपल्या स्वाधीन करू. समारंभ होईल. आणि आपल्या वयाचा विचार करून विद्यापीठ आणखी एक सेवा देऊ इच्छितं. त्याच दुपारी दहन. गाडी, स्मशान, सगळी व्यवस्था आमची. छोट्याशा कुंभात अस्थी घेऊन आपण शिनकान्सेन बुलेट ट्रेनने आरामात जाऊ शकाल."

"चला, चांगलंच झालं!" जयमालाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "शेवटी अग्नी तरी मिळतोय बिचाऱ्यांना."

फुमि-साननी कप खाली ठेवला. सेन्सेइ वाकून वाकून निघून गेले. मग फुमि-सान उठल्या आणि कप विसळायला गेल्या. तिकडूनच त्यांचा आवाज आला.

"तुम्हीसुद्धा जया-सान?"

"अहो, काय चुकलं माझं? आमच्यात अग्नी देतात म्हणजे शेवटचा मान. पुरतात ते तान्ह्या बाळांना, संन्याशांना."

"तुमच्यात." फुमि-सान हात पुसत बाहेर आल्या. "आमच्यात अग्नी म्हणजे आजी. चुलीत बसलेली म्हातारी आजी. घरातलं सगळं तिच्या कानावर घालायचं, पहिला घास तिला द्यायचा. आजीच्या अंगावर मढं टाकतात का कुणी? म्हातारी बाई गेली की तिचं घर जाळायचे पूर्वी, तिला तिकडे राहायला हवं म्हणून. आगीत घर जातं. माणूस मातीत जातो, आख्खा. कपडे घालून, पायात जोडे घालून. त्याला चालत जायचं असतं."

साठ वर्षं जयमालाबाई ज्या गोष्टीला पवित्र म्हणत आल्या होत्या, तीच इथे शिवी ठरत होती. त्यांनी स्वतःच फोन उचलला आणि कुरोइवांना सांगितलं, दहन नको.

"त्यावर आम्ही विचार करू," पलीकडून मधाळ उत्तर आलं.

'विचार करू' म्हणजे 'नाही'. इथे नवीन आलेल्याला हे कळायला दहा वर्षं लागतात. जयमालाबाईंना ते लगेच कळलं. एकच गोष्ट कळेना, की हाडं परत द्यायला इतकी वर्षं घेणाऱ्यांना ती जाळायची एवढी घाई कशाला?

गाडीचा प्रश्न होताच. न जाळलेली हाडं कुठलीही कुरिअर कंपनी नेईना. नचिकेतला त्या आठवड्यात 'क्रिटिकल रिलीज' होतं. त्याचं रिलीज नेहमी क्रिटिकलच असतं. जेवताना सून केतकी एकदम म्हणाली, "आई, मी चालवते की. माझ्याकडे लायसन्स आहे. ओआराई बंदरातून बोटीवर गाडी चढवता येते, दुसऱ्या दिवशी होक्काइदो."

जयमालाबाईंचं या सुनेबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं. दिवसभर फोन हातात आणि पोळ्या फ्रोजन. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला भीती नाही वाटणार? मागे…"

"आजोबाच आहेत ना कुणाचे तरी," केतकी म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

समारंभाच्या दिवशी विद्यापीठाच्या दाराशी एक काळी लांब गाडी उभी होती. स्मशानाची. म्हणजे विचार करून झाला होता. हॉलमध्ये लिलीची फुलं इतकी की दरवळाने डोकं उठावं. भिंतीवर मोठा फलक, 'सादर प्रत्यार्पण समारंभ'. वर्तमानपत्रवाले, एक टीव्हीवाला. कुरोइवा-सेन्सेइंनी भाषण केलं. त्यात 'खेद' हा शब्द तीन-चार वेळा आला, 'चुकलं' एकदाही नाही. फुमि-सान काळा किमोनो नेसून पुढच्या रांगेत बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. जयमालाबाईंना त्यांची नखं तळव्यात रुतलेली दिसत होती.

मग पांढरे हातमोजे घातलेले दोन सहायक आत आले. दोघांनी मिळून पांढऱ्या कापडात बांधलेला एक खोका आणला. टेबलावर ठेवला. दोघांनी मिळून! जयमालाबाई खोक्याकडे बघत राहिल्या. केतकी ऑनलाइन मागवते त्या राइस कुकरचा खोका याच्यापेक्षा मोठा असतो.

आणि त्यांना आठवले गुणवंतराव. याच शहरातलं स्मशान, तापलेला लोखंडी ट्रे, हातात लांब चॉपस्टिक्स. तिथला माणूस हळुवारपणे सांगत होता, ओकुसान, म्हणजे बाईसाहेब, पायांपासून सुरुवात करायची, मग वर वर जायचं, डोकं सगळ्यात शेवटी. नाहीतर माणूस कुंभात उलटा राहतो. एक हाड दोघांनी मिळून उचलायचं, म्हणून दुसऱ्या टोकाने फुमि-साननी धरलं होतं. पहिलं उचललं ते घोट्याचं हाड. गुणवंतराव त्याच पायाने लंगडत.

जयमालाबाई उठून उभ्या राहिल्या.

"सेन्सेइ, एका अडाणी म्हातारीने एक प्रश्न विचारला तर चालेल का?"

कॅमेरे वळले. "अवश्य, अवश्य," सेन्सेइ म्हणाले. साडीतली परदेशी बाई जपानी रीत विचारतेय, फोटो चांगला येईल.

"माझ्या यजमानांच्या अस्थी मी इथेच वेचल्या. आपल्या थोर परंपरेप्रमाणे पायांपासून सुरुवात केली. आज दुपारी आम्ही दोघी तिथे उभ्या राहू, तेव्हा कृपा करून सांगावं, आम्हाला पाय सापडतील ना?"

सेन्सेइ हसत होते, ते हसू तिथेच वाळलं.

"म्हणजे… शिरोभाग हा शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत मौल्यवान…"

फुमि-सान टेबलापाशी गेल्या होत्या. एक सहायक पुढे झाला, त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाठ सोडली, झाकण काढलं. आत एक कवटी. कपाळावर शाईने आकडा घातलेला. बाकी नुसता कापूस.

"बाकीचे आजोबा कुठेत?" फुमि-साननी विचारलं.

"त्या काळच्या पद्धतीनुसार कवट्या एकीकडे आणि इतर अवयव एकत्र ठेवले जात. आज ओळख पटवणं अत्यंत अवघड…"

"म्हणजे ते इथेच आहेत."

"ती शक्यता पूर्णपणे नाकारता येणार नाही."

आता जयमालाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणून ही गाडी, ही सेवा, ही म्हाताऱ्यांच्या वयाची काळजी! राखेला कोण विचारतं, बाई, तू डोक्याची की पायाची? मूठभर घातली काय, ओंजळभर घातली काय, कुंभाचं झाकण लावलं की आख्खा माणूस घरी गेला. कागदावर सही, टीव्हीवर फोटो. आणि आपण या माणसासमोर 'चांगलंच झालं' म्हणून मान डोलावली होती.

"आज तर दहन आटोपून घेऊ," सेन्सेइ आवाज खाली आणून म्हणाले. "सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे. पुढचं नंतर पाहता येईल."

"सेन्सेइंच्या ज्ञानापुढे मी कोण?" जयमालाबाई कमरेत वाकल्या, आणि बोलल्या मात्र शेवटच्या रांगेतल्या टीव्हीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "ऐंशी वर्षं आपण यांना कपाटात ठेवलंत, काढून काढून मोजलंत, तेव्हा कुणाच्या आरोग्याला काही झालं नाही. आज नात घ्यायला आली आणि एकदम साथ आली का?"

कुणीतरी मागे फस्सकन हसलं. सेन्सेइंचे कान लाल झाले.

फुमि-सान वळल्या. त्यांनी आयुष्यात कधी चार माणसांत आवाज चढवला नव्हता, आजही नाही चढवला. टीव्हीवाल्याने माइक पुढे केला. त्याच्याकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. आपला मुलगा संध्याकाळच्या बातम्या न चुकता बघतो, हे त्यांना माहीत होतं.

"मी ऐनू आहे," त्या म्हणाल्या. "हे माझे आजोबा. त्यांना जाळायचं नाही. ती गाडी परत पाठवा."

काळी गाडी परत गेली. बुकिंग रद्द झाल्याचं सेन्सेइंना जेवढं दुःख झालं तेवढं माणसाचे पाय हरवल्याचं झालं नव्हतं.

केतकीने मागच्या सीटवर खोक्याला पट्टा लावला. फुमि-साननी तो सोडवला आणि खोका मांडीवर घेतला. ओआराईला बोटीवर चढताना केतकीने विचारलं, "आजी, दमलात का? मी धरू थोडा वेळ?" आणि फुमि-साननी, कुणाला साधी पिशवीही धरू न देणाऱ्या फुमि-साननी, आजोबा तिच्या हातात दिले. जयमालाबाई कठड्याशी उभ्या राहून समुद्राकडे बघत राहिल्या. सुनेने आपले पाणावलेले डोळे पाहू नयेत म्हणून.

गावी मासाओने खड्डा खणून ठेवला होता. त्याच्या बायकोने झाडाच्या सालीच्या धाग्यांचा झगा विणला होता, पायांसाठी पोटऱ्यांवर बांधायच्या पट्ट्या शिवल्या होत्या. चटई अंथरली, झगा पसरला. फुमि-साननी कवटी झग्याच्या गळ्याशी ठेवली. कपाळावरचा आकडा त्यांनी बोटीवर पुसून पाहिला होता, निघाला नव्हता. त्यावर त्यांनी डोक्याची पट्टी बांधली. दोन्ही बाह्या रिकाम्या, सरळ करून ठेवल्या. खाली पट्ट्या रिकाम्या. त्यांच्या खाली नवे जोडे.

विद्यापीठातून कुणी आलं नव्हतं. एक मोठं फुलांचं चक्र तेवढं आलं होतं, त्यावर विद्यापीठाचं नाव आजोबांच्या नावापेक्षा ठळक. खरं तर आजोबांचं नाव नव्हतंच. मासाओने ते उचलून कुंपणाबाहेर ठेवलं.

मग तो खड्ड्याशी उभा राहिला. मेलेल्या माणसाला पुढचा रस्ता समजावून सांगायचा असतो, कुठे वळायचं, कुठली वाट टाळायची. त्याने तोंड उघडलं आणि थांबला.

"आत्या, कसं सांगू? चालत जा म्हणून सांगू? कशाने चालतील?"

गावातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वारा सुटला होता, रिकामी बाही जराशी हलली. जयमालाबाईंना वाटलं, आता फुमि-सान कोसळणार. इतक्या वर्षांची वणवण, आणि हे एवढंसं पदरात.

फुमि-सान गुडघ्यावर बसल्या. हलणारी बाही त्यांनी परत सरळ केली.

"रस्ता नको सांगूस," त्या मासाओला म्हणाल्या. "एवढंच सांग, की घर आलं. निजून राहा. पाय मी आणते, मग रस्ता."

मासाओने तेवढंच सांगितलं. त्यांच्या भाषेत. जयमालाबाईंना त्यातला एक शब्दही कळला नाही, पण त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि फुमि-साननंतरची मूठभर माती त्यांनी टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मोठ्या माणसाला माती दिली होती. हाताला ती चांगली थंडगार लागली.

गाडीपाशी आल्यावर फुमि-सान म्हणाल्या, "जया-सान, फोन लावा."

"आत्ता? अहो, जेवून तरी घ्या."

"आत्ता."

जयमालाबाईंनी कुरोइवांच्या कचेरीत फोन लावला. पलीकडून सेक्रेटरीचा किनरा आवाज. सेन्सेइ मीटिंगमध्ये होते. कशासंदर्भात काम होतं?

"पायांसंदर्भात," जयमालाबाई अत्यंत नम्रपणे म्हणाल्या. "आणि हातांच्या. आणि मधलं जे काही असेल त्याच्या."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज. मग, "कोण बोलतंय म्हणून सांगू?"

जयमालाबाई आपलं नाव सांगणार, तोच फुमि-साननी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. त्यांनी नवऱ्याकडचं आडनाव सांगितलं नाही. आजोबांचं नाव सांगितलं, ऐनू नाव, आणि म्हणाल्या, "त्यांची नात."

तिकडे ते नाव लिहून घेता येईना. फुमि-साननी एकेक अक्षर पुन्हा सांगितलं. तरी चुकलं. पुन्हा सांगितलं.

"सेन्सेइंना उशीर होईल," सेक्रेटरी म्हणाली. "आपण नंतर करता का?"

"नाही," फुमि-सान म्हणाल्या आणि गाडीच्या पायरीवर ऐसपैस बसल्या. "मी फोन धरून आहे."